लुगड्याखालची नळी

अनुसयामावशी तिसऱ्यांदा आल्या त्या दिवशी मी त्यांच्या सुनेवर ओरडले. भरलेल्या ओपीडीत, पंधरा-वीस माणसांसमोर.

"रोज सकाळी दहा एमएल सलाइन नळीत सोडायचं, एवढंच सांगितलं होतं ना? तेवढंही होत नाही?"

संगीता, म्हणजे सून, खाली बघत उभी होती. "सोडते मॅडम," एवढंच म्हणाली.

"सोडता, तर नळी तुंबते कशी?"

स्ट्रेचरवर मावशी थंडी वाजून कुडकुडत होत्या. ताप एकशे तीन. जरा निवळलेले डोळे पुन्हा पिवळेजर्द झाले होते. नळीच्या टोकाला लावलेल्या पिशवीत जेमतेम अर्धी वाटी पित्त होतं. ते दिवसाला अर्धा लिटर यायला हवं होतं. मी ॲडमिशनचा कागद लिहिला आणि तो संगीताच्या हातात जवळजवळ आपटला. माझा स्वभाव असा आहे हे आमच्या हॉस्पिटलात सगळ्यांना माहीत आहे. तिला माहीत नव्हतं.

मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहे. हे नाव इतकं अवघड की माझी आई शेवटपर्यंत लोकांना "ती एक्स-रे काढते" असंच सांगायची. सोपं करून सांगायचं तर सर्जन पोट उघडून आत बघतो, मी पोट न उघडता पडद्यावर बघते. कधी सोनोग्राफीवर, कधी सीटीवर, कधी सी-आर्मवर. सी-आर्म म्हणजे चालू एक्स-रे. टेबलावरच्या माणसाच्या आत त्या क्षणी काय चाललंय ते पडद्यावर दिसतं. ते बघत बघत सुई नेमक्या जागी न्यायची. गाठीचा बारीक तुकडा तपासायला काढायचा, तुंबलेलं वाहतं करायचं, दुखणारी नस औषधानं गप्प करायची. माझ्याकडे येणारे निम्मे पेशंट कॅन्सरचे असतात. त्यातल्या पुष्कळांना मी बरं करू शकत नाही, राहिलेले दिवस सुसह्य करू शकते. या कामाला दुय्यम समजणारे लोक आहेत, डॉक्टरांतही आहेत. त्यांनी एकदा काविळीच्या खाजेनं आठ-आठ दिवस न झोपलेला माणूस बघावा.

मावशींचं तेच झालं होतं. त्या आंदर मावळातल्या. वय सत्तरच्या आसपास, नक्की त्यांनाही सांगता येत नव्हतं. घरची भातशेती, दोन म्हशी. मुलगा बबन तळेगावला एका कंपनीत कामाला. आषाढात त्यांचे डोळे पिवळे झाले. घरच्यांनी दीड महिना तेल-मीठ बंद करून झाडपाल्याचं औषध दिलं. साध्या काविळीला निदान पथ्य तरी चालून जातं, पण ही साधी नव्हती. यकृतातून पित्त वाहून आणणाऱ्या दोन नळ्या जिथं एकत्र येतात, बरोबर तिथं गाठ होती. पित्ताची वाट बंद झाली की ते रक्तात साठतं आणि अंगाला अशी खाज सुटते की माणूस नारळाच्या शेंडीनं अंग घासतो. मावशींच्या दंडांवर, पोटऱ्यांवर रक्ताळलेले ओरखडे होते.

पहिल्या दिवशी मी नेहमीचा प्रश्न विचारला. "मावशी, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

"खाजेचा," त्या म्हणाल्या. मग पुढं, "आन् मानसं लांब बसत्यात. कावीळ चिकटंल म्हून. म्या पडवीत एकलीच बसते, ताटबी येगळं. भात निघंस्तवर मला खळ्याव मानसात बसता आलं पायजे. तेवढं करा, बाकी काय न्हाई."

अशी कावीळ एकाची दुसऱ्याला लागत नाही. हे मी त्यांना सांगितलं, बबनला सांगितलं. पण पिवळ्या डोळ्यांसमोर डॉक्टरच्या सांगण्याला गावात काय किंमत? डोळे पांढरे झाल्याशिवाय त्यांच्याजवळ कुणी बसणार नव्हतं.

पुण्यात दुर्बिणीतून प्रयत्न करून झाला होता, जमलं नव्हतं. म्हणून आमचे सर्जन कुलकर्णी सर यांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. मी सुईनं तुकडा काढला. रिपोर्ट कॅन्सरचा आला. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. बबननं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आईला नाव सांगू नका मॅडम." मी म्हटलं, मी आपणहून सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. त्याला ते फारसं पटलं नाही.

उपाय असा होता. उजव्या बाजूनं, बरगड्यांमधून सुई यकृतातल्या तुंबलेल्या नळीत न्यायची, सुईतून तार, तारेवरून प्लास्टिकची बारीक नळी. तार गाठीच्या पलीकडे गेली तर तिथं स्टेंट, म्हणजे धातूच्या जाळीची नळी, बसवता येते. ती कायम आत राहते, बाहेर काही दिसत नाही. पण पहिल्या प्रयत्नात तार पलीकडे जाईना. असं होतं. मग पित्त काही दिवस बाहेरच्या पिशवीत काढायचं, आतली सूज ओसरू द्यायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा प्रयत्न करायचा. अट एकच. ते दोन आठवडे नळी धो धो वाहिली पाहिजे.

हॉस्पिटलात ती छान वाहिली. चौथ्या दिवशी खाज कमी झाली, मावशी शांत झोपल्या, आम्ही त्यांना घरी पाठवलं. सहा दिवसांनी परत. पिशवी कोरडी, ताप, कावीळ वाढलेली. मी तपासलं, नळी स्वच्छ. वॉर्डात झोपवलं की पुन्हा पित्त वाहायला लागलं. तरी मी नळी बदलली, थोडी जाड घातली. घरी गेल्या. पाच दिवसांनी पुन्हा तेच, आणि त्या दिवशी मी संगीतावर ओरडले.

ॲडमिट केल्यावर कुलकर्णी सरांचा फोन आला.

"नळीत दोष आहे का?"

"नळी नवी आहे सर. हॉस्पिटलात व्यवस्थित चालते."

"मग घरी काय होतं?"

"घरचे नीट बघत नाहीत, दुसरं काय," मी ठोकून दिलं.

"बघा काय ते. मावशी मला म्हणाल्या, नळी काढून टाका आणि घरी सोडा. बबनही तयार झालाय. परवापर्यंत काही जमलं नाही तर मला काढावी लागेल."

नळी काढली असती तर पंधरा दिवसांत इन्फेक्शननं मावशी गेल्या असत्या. पडवीतच. दुसरा पर्याय माझ्याकडे होता, डाव्या बाजूनं नवी सुई. पण उजवीकडची घरी का चालत नाही हेच कळलं नव्हतं, तर डावीकडची चालेल याची काय खात्री? शिवाय मावशींनी साफ सांगितलं होतं, "आता टोचायचं न्हाई."

दोन दिवसांत ताप उतरला. वॉर्डात पिशवी भरत होतीच. मी दुपारी राउंडला गेले आणि संगीताला म्हटलं, "दाखवा मला, सलाइन कसं सोडता. घरी करता तसंच करायचं, एकही गोष्ट बदलायची नाही."

खरं सांगायचं तर तिची चूक पकडायची म्हणूनच मी गेले होते. तिनं कोपरापर्यंत हात धुतले. सिरिंज भरली, वर धरून टिचकी मारून हवा काढली, नळीचं तोंड पुसलं आणि हळूहळू सलाइन सोडलं. आमचे इंटर्न याच्या निम्म्यानंसुद्धा नीट करत नाहीत. बोट ठेवायला जागा नव्हती, याचाच मला राग आला.

"रोज असंच करता?"

"व्हय."

"सलाइन सहज जातं?"

"जातं की."

"मग नंतर पित्त का येत नाही?"

ती सासूकडे बघायला लागली. मावशींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. संगीता हळूच म्हणाली, "मॅडम, घरी आत्याबाई अशा नसत्यात."

"अशा म्हणजे?"

"अशा, गाऊनमधी. लुगड्यात असत्यात."

माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. पण माझ्या बरोबरच्या थोरात सिस्टर आंदर मावळातल्याच. त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अगं बाई."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. मी तळेगावात राहते, पंजाबी ड्रेस घालते, नऊवारी लग्नात एकदाच नेसले, तीही शिवलेली. मावशींच्या वयाच्या बायका लुगडं कंबरेला करकचून गाठ मारून नेसतात. वर निऱ्या खोचतात, मागं कासोटा. दिवसभर वाकायचं, भाताच्या वाफ्यात उतरायचं, त्यात काही सुटता कामा नये. हीच गाठ झोपतानाही असते. मावशी नळी त्या गाठीखालून घेत होत्या आणि पिशवी पुढं ओच्यात, म्हणजे पोटावर खोचलेल्या घोळात, लपवत होत्या.

मी त्यांना तीनदा तपासलं होतं. तिन्ही वेळा त्या माझ्यासमोर हॉस्पिटलच्या ढगळ गाऊनमध्ये होत्या, कारण माझ्याकडे पाठवण्याआधी पेशंटला गाऊन घालायचा हा आमचाच नियम. नळीसकट लुगड्यातल्या मावशी मी कधी बघितल्याच नव्हत्या.

"सी-आर्मवर घेऊया," मी म्हटलं. "लुगड्यात."

आमचा टेक्निशियन निलेश हबकला. "मॅडम, घरचे कपडे घालून टेबलवर? इन्फेक्शन कंट्रोलवाले माझी शाळा घेतील."

"नळीला हात लावायचा नाहीये, नुसतं बघायचंय. तुझ्याऐवजी मी शाळेत जाते."

पडद्याआड मावशी लुगडं नेसल्या. अंगात जीव नव्हता, तरी कासोटा घालताना त्यांनी सिस्टरांना हात लावू दिला नाही. बाहेर आल्या आणि मी बघतच राहिले. गेले तीन आठवडे गाऊनमध्ये जी गलितगात्र म्हातारी बघत होते ती ही नव्हेच. ताठ उभ्या होत्या. नळीचा कुठं मागमूस नव्हता.

त्यांना टेबलावर बसवलं, सी-आर्म आडवा फिरवला. एक्स-रेत दिसणारं थोडं औषध मी हलक्या हातानं नळीत सोडलं. पडद्यावर काळी रेघ बरगड्यांपासून खाली आली, कंबरेपर्यंत पोचली आणि लुगड्याच्या गाठीपाशी थांबली. पाणी चालू असताना पाइपावर कुणी पाय द्यावा तशी नळी तिथं चेपून मुरडली होती.

"मावशी, गाठ जरा सैल करा."

त्यांनी केली नाही. थोरात सिस्टरांनी दोन बोटं गाठीखाली घातली, रेघ सरसर पुढं गेली. बोटं काढली, थांबली. आम्ही तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच.

सकाळी सलाइन सोडताना संगीता गाठ सोडायला लावायची, म्हणून ते सहज जायचं. नंतर मावशी पुन्हा गाठ मारायच्या आणि दिवसभर पित्त आत तुंबायचं. संगीतानं यात एकच चूक केली होती. तिला शंका आली होती आणि ती बोलली नव्हती. मी मात्र माणूस न बघता नळी बघत होते. काचेपलीकडे ती उभी होती. तिच्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही.

नंतर मी मावशींच्या खाटेवर बसले. "मावशी, दोन आठवडे मॅक्सी घातली तर नाही चालणार? सोपं पडेल."

"म्या?"

त्या एका शब्दात मला माझं उत्तर मिळालं. तरी त्यांनी पुढं सांगितलं. "मॅक्सीत खळ्याव बसू? त्यापरीस पडवी बरी. आन् पिशवी दिसली का लोक इचारत्यात. ते पिवळं पानी बघून पोरं लांब पळत्यात. म्हून तर आत घालते."

त्यांना लपवायची होती, मला वाहती ठेवायची होती. भांडण एवढंच होतं. नळी गाठीखालून न नेता लुगड्याच्या वरून नेली आणि पिशवी उजव्या बाजूला, पदराखाली ठेवली तर दोघींचंही भागत होतं. फक्त पिशवी धरून ठेवायला काहीतरी हवं होतं. थोरात सिस्टर म्हणाल्या, "चंची शिवूया. मोठी." चंची म्हणजे म्हाताऱ्या बायका पान-सुपारी ठेवतात ती कापडी पिशवी. संगीतानं संध्याकाळी मावशींच्याच एका जुन्या लुगड्याचा तुकडा घेतला आणि वॉर्डात बसून हातानं लांब बंदाची चंची शिवली. खांद्यावरून तिरकी घालायची, वर पदर. बसलं काय, वाकलं काय, नळी कुठं चेपत नव्हती. मी नळीचा टाकाही थोडा वेगळ्या दिशेनं घातला, म्हणजे ओढ बसणार नाही.

मावशींनी चंचीवरून हात फिरवला. "लोक म्हनतील, म्हातारी लय पानं खायला लागली."

"म्हणू देत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लुगड्यात, चंची लावून, त्यांना पुन्हा सी-आर्मवर बघितलं आणि मगच घरी सोडलं. त्या रविवारी मी बबनला फोन केला. हे मी सहसा करत नाही. तो म्हणाला, दिवसाला पिशवी पाऊण भरतीय. आई पहिल्यांदाच सबंध झोपली.

दोन आठवड्यांनी त्या चालत आल्या. डोळ्यांत फक्त कडेला पिवळी झाक उरली होती. तार या वेळी थोडी आढेवेढे घेऊन गाठीपलीकडे गेली, आणि तो क्षण पडद्यावर दिसला तेव्हा निलेशनं आणि मी एकदमच श्वास सोडला. स्टेंट बसवला. आणखी दोन दिवस बघून बाहेरची नळी काढली.

नळी काढताना त्यांनी विचारलं, "आता बरी झाले का म्या?"

बबन खोलीतच होता. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"नाही मावशी," मी म्हटलं. "खाज गेली, कावीळ उतरेल. आतलं दुखणं आहे तिथंच आहे. ते वाढणार."

"ते म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "बबन्याला वाटतं मला ठावं न्हाई. भात निघंस्तवर हाय न्हवं?"

"आहात."

त्या होत्या. दिवाळीनंतर भात निघालं. मावशी खळ्यावर बसल्या, मळणी बघत, बायकांच्या घोळक्यात. मी बघायला गेले नव्हते, बबननं मोबाइलवर फोटो पाठवला. फोटोत आठ-दहा बायका आहेत आणि त्यातल्या मावशी कोणत्या हे मला आधी ओळखूच आलं नाही. इतक्या त्या सगळ्यांत मिसळून बसल्या होत्या. तो फोटो मी अजून ठेवलाय.

शिमग्याच्या आधी त्या गेल्या. घरीच. शेवटी पोटात दुखायला लागलं तेव्हा एकदा येऊन पोटातल्या नसांना औषधाचं इंजेक्शन घेऊन गेल्या होत्या, त्याचा बऱ्यापैकी उपयोग झाला. पंधरा दिवसांनी संगीता काही कागदांवर सही घ्यायला ओपीडीत आली. मी सही केली. मग उठून उभी राहिले. ओरडले होते ते भरल्या ओपीडीत, त्यामुळे माफी मागायची तीही तिथंच, असं मी ठरवलं होतं. ठरवूनही मला पाच महिने लागले होते.

"संगीता, त्या दिवशी मी तुम्हाला बोलले ते चुकलं माझं. तुमचं सगळं बरोबर होतं. मला माफ करा."

बाकावरची माणसं आमच्याकडे बघायला लागली. संगीतानं कागद घडी करून पिशवीत ठेवले.

"राग आलता मॅडम. लय आलता," ती म्हणाली. "पन म्या आदीच बोलायला पायजे व्हतं. पयल्या येळंलाच मला वाटलं व्हतं गाठीनं व्हतंय म्हून. सासूच्या लुगड्याचं डॉक्टरम्होरं कसं बोलायचं? आन् तुमी कुटं इचारलंत?"

मी तिला चहा घेऊन जा म्हटलं. तिची जीप सुटायची होती, ती थांबली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम झालाय. नळी घातलेला पेशंट घरी जाण्याआधी घरचे कपडे घालून पुन्हा सी-आर्मखाली येतो. वीस मिनिटं जास्त जातात. निलेश अजून कुरकुरतो, इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांनी माझी शाळा घेतलीच. काल वलवणचे एक आजोबा होते. त्यांच्या करदोट्यात नळी अडकत होती. मी म्हटलं, आजोबा, करदोटा थोडे दिवस काढून ठेवता का? ते म्हणाले, जन्मात काढला नाही.

मी वाद घातला नाही. नळीची जागा बदलली.